हत्तीच्या पायांची जीप

डोंगरात नुकता रस्ता झाला होता, तेव्हाची गोष्ट. वाडीतली एक जीप आजारी माणसांना घाटावरच्या दवाखान्यात पोचवायची. एकदा तिने जत्रेत हत्तीच्या पायाएवढी चाकं पाहिली आणि मालकाकडे हट्ट धरून तशीच बसवून घेतली.

आतलं इंजिन कुरकुरलं. "ताई, चाकं वाढली, पण माझा जोर आहे तेवढाच आहे हो. पहिला गिअरसुद्धा आता दुसऱ्यासारखा जड जातोय. या चाकांना जुळतील असे गिअर तरी आत बसवून घ्या."

"आतलं कोण बघतंय रे?" जीप म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी वाडीतली सुंदा तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन जीपमध्ये बसली. मधल्या चढाला इंजिन धापा टाकू लागलं, क्लच जळल्याचा वास सुटला आणि जीप जागीच थांबली. मागून बुटकी टमटम आली. "बस गं बाय, लेकराला पदराखाली घे," म्हणाली आणि दोघांना घेऊन फटफटत वर गेली.

जीपने चाकांवरची धूळ झटकली. "काय रे, त्यांना वरून मी दिसत असेन ना?"

"दिसताय की ताई," इंजिन दमून म्हणालं. "पार दवाखान्यातून दिसताय."