सांगडीचे नऊ भोपळे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की माझ्या वयाच्या बायकासुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेलीच सांगतात.

एका नदीकाठी एक गाव होतं. बाजार पलीकडे, सुईणही पलीकडेच. मधे एक नावाडीण आणि तिची सांगड. सांगड म्हणजे काय, तर आतून कोरून वाळवलेले नऊ मोठे भोपळे, तोंडं मेणानं बंद केलेली, आणि वर बांधलेली बांबूची ताटी.

एक दिवस पाटलानं एक भोपळा वाजवून पाहिला.

"अगं, हे तर पोकळ! रोज नऊ भोपळे रिकामेच हिंडवतेस?"

"रिकामे कुठं, पाटील? वारा आहे त्यांच्यात. एवढं मोठं अंग आणि आत नुसता वारा, म्हणून तर पाणी त्यांना खाली राहू देत नाही."

"मग बाजारात वारा विकून दाखव की!"

सगळा काठ हसला. मीही हसले असते. माझ्या घरात रिकामी बरणी दिसली, की मी तिच्यात काहीतरी कोंबतेच.

पाटलानं एका भोपळ्यात बाजारात विकायची काकवी भरली. सांगड दोन बोटं खाली बसली, पण पोचली.

"बघ, बुडाली का?"

मग दुसरा भरला. तिसरा. चौथा. दर वेळी दोन बोटं, आणि दर वेळी तोच प्रश्न. ताटीवर बसणाऱ्यांचे पाय ओले व्हायला लागले. लोक म्हणाले, "ओल्या पायांनी कुणी मेलंय का?"

एका सकाळी नावाडिणीच्या लेकीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. सुईणीकडे नेल्याशिवाय इलाज नव्हता.

"पाटील, पाया पडते. दोन भोपळे तरी मोकळे करू द्या."

"आणि काकवी काय नदीत ओतू? उलट जातेच आहेस, तर हा पाचवाही घेऊन जा."

"बुडेल हो!"

"चार वेळा बुडाली का?"

पाटलाच्या माणसांनी पाचवा भोपळा भरला. लेक ताटीवर आडवी झाली.

"आई, पाठीला पाणी लागतंय गं."

"पोचलोच, बाळे," म्हणत आईनं सांगड लोटली.

मधोमध एक लाट आली. साधीच, रोजची. ती ताटीवर चढली आणि उतरलीच नाही.

नावाडीण एकटी काठाला लागली.

गाव जमलं. पाटील म्हणाला, "पोर दोन जिवांची होती. तिचंच वजन झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी हळहळलं, "पाच भोपळे काकवी गेली हो!"

नावाडीण गाव सोडून गेली. पुन्हा तिथं कुणी सांगड बांधली नाही. काकवी घराघरात आंबली, आणि अडलेल्या बाया अलीकडच्या काठावरच राहिल्या.

लहानथोरांनो, आपल्याला तारणारी गोष्ट बहुतेक वेळा रिकामीच दिसते. ती भरायला जाऊ नका.