बिळाच्या तोंडाशी ठेवलेली मूठ

पाय जपून टाका. वरून सपाट दिसते ही पट्टी, पण आतून पोकळ आहे. चहूकडे ज्वारी उभी आणि मधे एवढंच पडीक, ते सगुणीमुळे, असं सांगतात.

सगुणी बिळं उकरणारी. सुगी झाली की बांधातले उंदीर मारायचे आणि त्यांनी साठवलेली कणसं घरी न्यायची, हीच तिची मजुरी. एका दुष्काळी साली हैबती पाटलाच्या बांधात तिला पाटीभर कणसं मिळाली. घरी तिची लेक तानी चार दिवस उपाशी होती. पाटलाने पाटी पाहिली.

"शेत माझं, तर बिळातला दाणाही माझाच."

तिने पाय धरले. पाटील पाटी घेऊन गेला. तानी आठवडाही जगली नाही.

सगुणी रडली नाही म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात पाटलानेच तिला, मातीची जाणकार म्हणून, पीक वाढवायचा उपाय विचारला. ती म्हणाली, "मुरमाचे बांध फोडा, पाटील. सगळ्या रानात तळ्याचा गाळ घाला."

सल्ला खोटा नव्हता. ज्वारी पुरुषभर वाढली. पण कडक मुरमात उंदराला बीळ फारसं वाढवता येत नाही आणि गाळाच्या मऊ, ओलसर मातीत ते हवं तेवढं वाढवता येतं, हे पाटलाला ठाऊक नव्हतं. तिला होतं. दोन वर्षांत रानाची चाळण झाली. तिसऱ्या वर्षी ज्वारीची नुसती ताटं उभी होती, कणसं नव्हती. घरातलं धान्यही संपलं.

बिळं उकरायला ये म्हणून पाटलाने निरोप धाडले, ती गेली नाही. शेवटी त्याची सून आली, कडेवर वाळलेलं तान्हं घेऊन.

"मावशी, एक बीळ उकरा. मूठभर निघालं तरी पुरे."

"शेत तुमचं, बीळ तुमचं," सगुणी म्हणाली. "उंदीरही तुमचेच, बाई."

तिने दार लावून घेतलं. त्या घडीला तिचा जीव निवला. तान्हं गेल्याचं कळलं तेव्हा मात्र ती कुदळ घेऊन या पट्टीत आली, दिसलं ते पहिलं बीळ उकरलं, निघालेले मूठभर दाणे तिथेच ठेवले आणि गाव सोडून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून ही पट्टी कुणी नांगरली नाही, ती उंदरांचीच राहिली.

आजही आमच्याकडे बीळ उकरताना शेताचा मालक पाठ फिरवून उभा राहतो. काय निघालं ते विचारत नाही. उकरणारी सगळं नेते, पण एक मूठ बिळाच्या तोंडाशी ठेवते. ती कुणी उचलत नाही. सकाळपर्यंत उंदीर नेतात.