वरताळा दरीत

निंबरगावच्या माळावर अंजीर घ्यायला आलात, तर मंडळी, एक ध्यानात ठेवा. काटा सरळ झाला की विकणारा दोन्ही हात रिकामे वर करतो आणि म्हणतो, "वरताळा दरीत!" मग समोर सख्खा जावई असो, एक अंजीर जास्त मिळायचे नाही. पाहुण्यांना हा चिक्कूपणा वाटतो. त्यांना आम्ही आधी कड्याशी नेतो. जिथे वानरसुद्धा उतरत नाही, त्या कपारींत अंजिराची झाडे आहेत. ती कुणी लावलेली नाहीत.

पूर्वी असे नव्हते, म्हणे. वजन झाल्यावर वर ओंजळभर टाकायचे, तो वरताळा. ज्याचा वरताळा मोठा, त्याचे नाव मोठे. त्यात गेनूशेठ झेंड्यांचा हात कुणी धरत नसे. दुःख त्यांना एकच. अंजिराला सकाळ असते, संध्याकाळ नसते. रेल्वेने दिल्ली गाठेतो मालाचा मुरंबा व्हायचा.

अशात लढाईवरून परतलेले कॅप्टन मोहिले जुने विमान घेऊन या माळावर उतरले. माणसे न्यायची नाहीत, नुसता माल उडवायचा, अशी त्यांची कंपनी. आपल्याकडची पहिलीच, असे सांगतात. गावाने तिला नाव ठेवले 'उडती अडत'. विश्वास टाकला एकट्या गेनूशेठांनी. सगळा बहार त्यांनी तिच्या पोटात घातला.

कॅप्टनने एकेक पाटी स्वतः तोलली. "शेठ, पुढे दरी आहे. काट्यावर दिसतं तेवढंच हे उचलेल."

"अहो, झेंड्यांचा काटा खोटा नसतो!" गेनूशेठ म्हणाले, आणि ते खरेच होते.

पण कॅप्टन पुढे जाऊन बसले आणि शेठना राहवेना. दिल्लीची बोहनी! सवयीने पाटीपाटीवर दोन-दोन ओंजळी चढल्या. धाकटा भाऊ सोपान आत पाट्या रचत होता. पंखे फिरू लागले तसा तो दारातून ओरडला, "दादा, मालाबरोबर घरचं माणूस नको का? मलाही वरताळ्यात धर!"

माळ खदखदून हसला.

विमान धावले. धावतच राहिले. कड्यावरून ते उडाले नाही, पडले. हसरी तोंडे तशीच उघडी राहिली. गेनूशेठांची पगडी गळून पायाशी आली, ती उचलायचे भान कुणाला नव्हते.

मग दरीतून घरघर आली. विमान पलीकडून वर चढत होते आणि दारातून पाट्यांमागून पाट्या कोसळत होत्या. लोक नाचले. फेरा मारून विमान उतरले.

आत सोपान नव्हता.

कॅप्टनचे ओठ पांढरे पडले होते. "तो मागे आहे, हे त्याने हाक मारली तेव्हा कळलं. 'किती टाकू?' म्हणाला. मी ओरडलो, 'जास्तीचं सगळं टाक!' शेठ... त्याचं वजन मी धरलंच नव्हतं."

कुणी म्हणतात, शेवटच्या पाटीबरोबर तोल गेला. कुणी म्हणतात, दरवाजातला शब्द त्याने खरा केला. गेनूशेठ आपल्या हातांकडे बघत राहिले. अंजिराचा चीक अजून ओला होता. मग तेच हात त्यांनी साऱ्या माळाला दाखवत वर धरले. "माझा वरताळा दरीत गेला. आता इथं काट्यावर कुणी काही टाकायचं नाही."

कंपनी पुढे वाढली, म्हणे. तिने औषधे नेली, मासळी नेली.

आजही दरीतली झाडे फळांनी लगडतात. ती पाखरे खातात, माणूस नाही. आणि बाजार भरात असताना माळावरून एखादे विमान गेले, की विकणारे सगळे हातातले टाकून दोन्ही हात वर करतात. पाहुण्यांना वाटते, टाटा करताहेत.