रंगाऱ्याची पांढरी चिंधी

एका गावात अंबादास भावसार नावाचा एक रंगारी होता. त्याच्या हाताला असा गुण होता की, त्याने रंगवलेले लुगडे फाटेल पण विटणार नाही, असे लोक म्हणत. पुढे त्याने ओढ्याच्या काठी कारखाना घातला. पंचवीस माणसे कामाला आली, माल दूरदूरच्या पेठांत जाऊ लागला. उरलेले रंगाचे पाणी मात्र सरळ ओढ्यात जाई.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती; तिच्या विहिरीत ओढ्याचेच पाणी झिरपे. एके दिवशी त्या वाडीतली गोदाक्का कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती भांडली नाही की ओरडली नाही. तिने पदराआडून एक लहानसे टोपडे काढले आणि अंबादासच्या हातात ठेवले.

“नातीचं आहे, अंबादासभाऊ. पांढरंशुभ्र होतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतलं आणि असं गुलाबी झालं. तेच पाणी ती पिते.”

अंबादासने आपला रंग ओळखला.

दुसऱ्या दिवसापासून तो उपायाला लागला. त्याने पाण्यात तुरटी टाकून पाहिली, चुना टाकून पाहिला. गाळाचे ढीग लागले, पण पाणी वांग्याच्या रंगाचे ते तसेच राहिले. शेवटी तो तालुक्याच्या कॉलेजात गेला. तिथे शरयू मॅडम जिवाणूंचा अभ्यास करीत असत. मॅडम कारखान्यात आल्या, पण त्यांनी यंत्रांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या गटाराच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि तिथला चिखल बाटल्यांत भरू लागल्या.

“अहो मॅडम, ही तर नुसती घाण आहे,” अंबादास संकोचून म्हणाला.

“इतकी वर्षं तुमच्या रंगात राहून जे जिवंत राहिले, ते जिवाणू लेचेपेचे नसणार,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्यातलाच कुणीतरी आपल्या कामाचा निघेल.”

आणि निघाला. तीन महिने खटपट केल्यावर मॅडमना एक जिवाणू सापडला. त्याला काकवीच्या पाण्यात ठेवले, ऊब आणि हवा दिली, की चार दिवसांत तो एक चिकट रस तयार करी. मॅडमनी रंगाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत तो रस ओतला, ढवळला आणि बरणी स्थिर ठेवली.

“गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून घालायचे ना पूर्वी? तसंच हे. हा रस रंगाच्या कणांना एकमेकांना चिकटवतो. गुठळ्या जड झाल्या की तळाशी जातात.”

बघता बघता बरणीत कापसासारखे पुंजके झाले आणि खाली बसले. वर निवळशंख पाणी राहिले. पन्नाशीचा अंबादास त्या बरणीपुढे लहान मुलासारखा बसून होता.

कारखान्यात रस करायला आणि पाणी निवळायला मोठ्या टाक्या बांधल्या. तळाचा गाळ वाळवून पक्क्या खड्ड्यात ठेवायची सोय झाली. मॅडमनी एकच नियम घालून दिला: एका टाकीला एक पिंप रस, त्यात काटकसर नाही. त्याला अंबादासने आपला एक नियम जोडला. निवळलेल्या पाण्यात सकाळी पांढरी चिंधी बुडवायची आणि दुपारी काढायची. ती पांढरीच निघाली, तरच पाणी ओढ्यात सोडायचे. सहा महिन्यांत वाडीच्या विहिरीचा रंग गेला. वाडीच्या बायका पुन्हा तिथे पाणी भरू लागल्या.

मग लग्नसराई आली. पेठेतला मोठा व्यापारी मगनशेठ दारात आला. त्याला नेहमीच्या दुप्पट साड्या हव्या होत्या, त्याही महिन्याभरात. अंबादासने भरात येऊन होकार दिला. पण रस तयार व्हायला चार दिवस लागत, आणि जिवाणूंना काही कुणाच्या लग्नाची घाई नव्हती. रंगाच्या पाण्याने टाक्या तुडुंब भरल्या आणि रसाची पिंपे रिकामी होत आली.

मुकादम सिद्राम जवळ येऊन हळूच म्हणाला, “मालक, एका टाकीला अर्धंच पिंप घालू. पाणी निवळतंय, मी करून बघितलंय. चिंधीचं तेवढं दोन-चार दिवस राहू द्या.”

मॅडम परगावी गेल्या होत्या. अंबादासने पाण्याचा पेला उजेडात धरला. पाणी काचेसारखे दिसत होते. त्याने होकारार्थी मान हलवली.

दोन दिवस पाणी तसेच सुटले. कुणाची काही तक्रार आली नाही. पण अंबादासला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच टाकीवर गेला आणि त्याने चिंधी बुडवली. दुपारी काढून पाहिली, तर तिच्यावर रंगाची पुसटशी झाक होती. दुसऱ्या कुणाच्या नजरेला ती दिसलीही नसती.

“उन्हानं तसं वाटत असेल, मालक,” सिद्राम म्हणाला.

“सिद्राम, जन्मभर मी रंग ओळखूनच पोट भरलं. आता सोयीचं आहे म्हणून आंधळा होऊ?”

त्याने टाक्यांच्या तोट्या बंद करायला लावल्या, रंगाचे कामही थांबवले. मग तो पायी वाडीकडे निघाला. काय बोलायचे ते तो वाटेत मनाशी जुळवत होता, पण विहिरीवर बायका पाणी भरताना दिसल्या आणि जुळवलेले सगळे विसरला.

“हे पाणी पिऊ नका,” तो म्हणाला. “दोन दिवस मी पुरतं न निवळलेलं पाणी सोडलंय. चूक माझी आहे. विहीर स्वच्छ होईपर्यंत टँकर मी आणीन.”

बायकांनी घागरी खाली ठेवल्या. गोदाक्का पुढे आली.

“न सांगता बसला असतास, तर कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं होतं, आक्का.”

गोदाक्काची सून केवळाबाई मात्र तडकली. “आज कबूल केलंत, बरं केलंत. पण पुन्हा असं करणार नाही कशावरून?”

तिचे म्हणणे रास्त होते. अंबादास थोडा विचार करून म्हणाला, “उद्यापासून चिंधी तुम्ही बुडवायची आणि तुम्हीच काढायची. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच तोटी उघडेल.”

दुसऱ्या दिवशी केवळाबाई खरोखरच कारखान्यात हजर झाली. तिने पहिल्याच दिवशी एका टाकीला नकार दिला. नवा रस तयार होताच अंबादासने तो त्या टाकीत पुन्हा घालायला लावला.

मगनशेठला त्याने निरोप धाडला की, निम्म्या साड्या वेळेवर मिळतील, उरलेल्या महिन्याभराने. मगनशेठ चिडला आणि उरलेले काम घेऊन दुसरीकडे गेला. कारखान्यात आठवडाभर सुतकी शांतता होती. परगावाहून आलेल्या मॅडमना अंबादासने सगळे सांगितले, तेव्हा त्या रागावल्या, पण लगेच कामाला लागल्या. मोकळ्या मिळालेल्या दिवसांत त्या दोघांनी रस तयार करण्याच्या आणखी दोन टाक्या उभ्या केल्या. सिद्रामने त्यांची जबाबदारी आपण होऊन मागून घेतली. पुढच्या लग्नसराईत दुप्पट काम आले, तेव्हा रस कमी पडला नाही.

ही वार्ता दुसऱ्या ओढ्यांकाठच्या रंगाऱ्यांपर्यंत गेली. एके दिवशी पाच-सहाजण मिळून आले आणि म्हणाले, “अंबादासशेठ, तुमचा तो जिवाणू आम्हालाही द्या.”

मॅडमनी बाटल्या भरून तयार ठेवल्याच होत्या. पण अंबादासने आधी सगळ्यांना बसवले आणि चहा दिला.

“देतो की,” तो म्हणाला. “पण आधी, मी अर्धं पिंप घातलं होतं त्या दिवसांची गोष्ट ऐका. तेवढी ऐकलीत, की बाटली तुमची.”

तात्पर्य: साधन कितीही गुणकारी असले, तरी वापरणारा खरा असेल तेव्हाच ते गुण देते. आपली जी चूक फक्त आपल्यालाच दिसते, ती आपणच आधी सांगावी आणि सुधारावी.