रांजणात बुचकळलेली जुडी

एकदा एका डोंगरपायथ्याच्या मठात एक शिष्य राहत होता. पाण्याच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. पिण्याचं पाणी तो स्वतः शेंदायचा, चौपदरी फडक्यातून गाळायचा, उकळून गार करायचा आणि मगच रांजणात भरायचा. त्या रांजणाला कुणी नुसता हात लावला, तरी याचा पारा चढे.

एवढा कडकपणा कशासाठी म्हणाल, तर त्याला कारण होतं. मठाच्या स्वयंपाकघराचा भार दोन वर्षांपासून त्याच्या शिरावर होता आणि गेल्या वर्षी उत्सवाच्या पंगतीत जेवलेली चाळीसेक माणसं दुसऱ्या दिवशी जुलाब-वांत्यांनी बेजार झाली होती. गावकऱ्यांनी निक्षून सांगितलं होतं, "यंदा पुन्हा असं झालं, तर अन्नदान बंद. देवाला लांबून हात जोडू, पण मठात जेवणार नाही." तीन पिढ्या चालत आलेली पंगत आपल्या हातून मोडणार, या धास्तीने बिचारा अर्धा झाला होता.

उत्सवाच्या आदल्या सकाळी गौराक्का टोपली घेऊन आली. ही पलीकडच्या गावची माळीण, तोंडाने फटकळ, मनाने सरळ. टोपलीत मुळे, काकड्या, कोथिंबीर, सगळं कसं लख्ख, पानापानावर पाण्याचे थेंब. शिष्याची कळी खुलली.

"वा अक्का! आरशासारखी स्वच्छ भाजी. उद्याची कोशिंबीर झकास होणार."

ओसरीवर मठाचे वृद्ध आचार्य बसले होते. ते उठले, टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलली, सरळ रांजणापाशी गेले, झाकण काढलं आणि ती जुडी आत चांगली बुचकळून काढली!

शिष्य किंचाळलाच. "गुरुजी! अहो, हे काय केलंत? सगळं पाणी वाया गेलं!"

"का बरं?" आचार्य म्हणाले. "आत्ताच तर तू हिला आरशासारखी स्वच्छ म्हणालास."

आचार्यांनी रांजणातलं फुलपात्रभर पाणी त्याच्यापुढे धरलं. पाणी नितळ होतं, गढूळपणा नावालाही नाही.

"घे, पी."

गुरूंची आज्ञा! त्याने फुलपात्र ओठांपर्यंत नेलं. तोच आचार्यांनी मागे वळून विचारलं, "गौराक्का, भाजी कुठं धुतलीस गं?"

"कुठं म्हंजे? ह्यो काय, मठाखालच्या वढ्यात," गौराक्का हसत म्हणाली. "वरच्या अंगाला म्हशी डुंबत्यात, पर पानी वाहतं हाय न्हवं!"

फुलपात्र जसं वर गेलं होतं, तसंच खाली आलं.

"का रे, पीत का नाहीस?"

"त्या ओढ्याचं पाणी कसं पिऊ, गुरुजी?"

"तू पिणार नाहीस. आणि उद्या पाचशे माणसांच्या पानात याच भाजीची कच्ची कोशिंबीर वाढणार. जे पाणी प्यायला चालत नाही, ते चावून खाल्लं म्हणजे चालतं होय?"

शिष्य ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच त्याने केलं. दुसऱ्यावर घसरला. "अक्का, तुला काही वाटलं कसं नाही? लोकांच्या जिवाशी खेळ हा!"

मग मात्र गौराक्काने कमरेवर हात ठेवले. "मला दटावू नगा म्हाराज! माझी भाजी हिरीच्या पान्यावर वाढती. मातीसकट आनली आसती. पर पयल्याच दिशी तुमी काय म्हनला व्हता? मातीचा कन दिसला तर टोपली माघारी! घरून धुवून आनली तर उन्हात कोमेजती, मग ती बी तुमी घेत न्हाई. म्हनून दोन वरसं झाली, वढ्यात बुचकळती आन् मग पायरी चढती. म्या एकलीच न्हाई, समद्या माळनी तसंच करत्यात."

"दोन वर्षं?" शिष्य मटकन खाली बसला. गेल्या वर्षीची पंगत त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. वर्षभर त्याने रांजण घासला, विहीर उपसली, स्वयंपाक्याला बोल लावले. आणि दुखणं आणलं होतं त्याच्याच हुकमाने. त्याला रडूच कोसळलं.

आचार्य त्याच्या शेजारी बसले. "बाळ, माणूस पाणी काही एकट्या फुलपात्रातून पीत नाही. ते मुळ्यावरून येतं, काकडीच्या सालीवरून येतं, विसळलेल्या ताटातून येतं. मळ्यातली माती दिसते, म्हणून आपण ती धुऊन काढतो. ओढ्यातली घाण दिसत नाही, म्हणून तिला खुशाल घरात घेतो. तुला भाजी स्वच्छ हवी होती की चकचकीत, एवढं एकदा स्वतःला विचार."

शिष्याने डोळे पुसले आणि गौराक्काला हात जोडले. "अक्का, चुकलो. उद्या पहाटे उपटलेली भाजी आण. मातीसकट आण."

"मातीला कोन तोटा हाय का!" अक्का म्हणाली. "हवी तेवढी आनती."

ती टोपली गोठ्याकडे गेली आणि रांजण ओतून, घासून पुन्हा भरला गेला. विहिरीपासून पुरेशा अंतरावर शिष्याने भाजी धुवायला दोन दगडी डोण्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी तो कोपरापर्यंत चिखलाने माखून मुळे चोळत बसला. शेवटचा हात त्याने उकळून गार केलेल्या पाण्याचा दिला. येणारे-जाणारे हसत होते, "म्हाराज, उत्सव हाय का भातलावणी?"

पानं मांडली गेली. मीठ आणि मुळ्याच्या फोडी वाढून झाल्या. बाकीचं वाढप सुरू होण्याआधी शिष्य पंगतीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्हाला आजारी पाडलं ते माझ्या अडाणी हट्टाने. स्वयंपाक्याचा दोष नव्हता, माळणींचा नव्हता." आणि झालेलं सगळं त्याने सांगून टाकलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आता लोक पानावरून उठणार, असं त्याला वाटलं.

ज्यांनी अन्नदान बंद करण्याचा दम भरला होता, ते गावचे पाटील सगळ्यांत पुढे बसले होते. त्यांनी पानातला मुळ्याचा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला, कचकन चावला आणि ओरडले, "अरे, मग बघत काय राहिलात? वाढा की!"