बटव्याचा बंद

कपाटातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. रेवतीबाईंच्या कपाटात नवी सोनेरी क्लच पर्स आली. शेजारच्या, खणाच्या कापडाच्या जुन्या बटव्याला ती म्हणाली, "आजोबा, या दोऱ्या आता कोण लोंबकळवतं?" बटवा नुसता हसला.

लग्नात एका हातात अक्षता धरून दुसऱ्याने टाकायच्या, म्हणून बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिथेच विसरल्या. दुसऱ्या दिवशी पर्स घरी आली ती घाबरूनच. "पुन्हा विसरल्या तर?"

"मला दोन बंद आहेत, बाळ. एकावर माझं भागेल," म्हणत बटव्याने एक बंद तिच्या कडीत ओवला.

पुढच्या लग्नात पर्स बाईंच्या मनगटावर डोलत होती. शेजारच्या झगमगत्या पर्सने विचारलं, "ही कुठली नवी फॅशन?"

"आमच्या आजोबांची," ती म्हणाली.