कुरळाईच्या कुंडावर नाक धरत नाहीत

शेंडवण्याच्या कुरळाईला देऊळ आहे, पण ते रिकामे. टेकडीवर, दगडी जोत्याचे, वर कौले. आत वटवाघळे राहतात. देवी मात्र खाली गरम पाण्याच्या कुंडाकाठी उघड्यावर बसली आहे. त्या कुंडाच्या वासाचे वर्णन करायला नासकी अंडी कमी पडतात. नासक्या अंड्यांत उंदीर मेला आणि वरून कोणी चुना ओतला, असे काहीतरी समजावे. कुंडाच्या ओठावरून पाणी खाली उतरते तिथला कातळ बारीक बारीक लाटांचा आहे. कोणा बाईने कुरळे केस मोकळे सोडले आणि ते तसेच दगडाचे झाले, असा तो दिसतो.

धाकू गुरव सत्तरीच्या पुढचा आहे. आलेल्या पाहुण्यांना तो आधी एकच गोष्ट सांगतो. "नाक धरू नका. धरायचंच असंल तर वर रिकाम्या देवळात जा. तिथं वास येत नाय." मग लोकांनी पाण्यात टाकलेल्या शांपूच्या पुड्या काठीने बाहेर काढत आणि टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो सांगायला बसतो.

असे सांगतात की, त्या काळी गावात खोताचा शब्द चाले. त्याचा एकुलता एक मुलगा तापाने फणफणला. नवव्या दिवशी पोराने डोळे फिरवले तेव्हा खोत कुरळाईला नवस बोलला, की पोर जगू दे, तुझ्यासारख्या कुरळ्या केसांची सून आणीन आणि शिमग्याला तुझी पहिली ओटी तिच्या हातून भरीन. पोर जगले. नवस बोलताना खोताची जीभ काही झिजली नव्हती. फेडायची पाळी सुनेवर आली.

खाडीपलीकडच्या एका विधवेची थोरली मुलगी आवडी. खोताची माणसे बघायला गेली तेव्हा तिचे केस लाटालाटांनी पाठीवर पसरले होते. आईने आदल्या दिवशी बारीक बारीक वेण्या घालून ठेवल्या होत्या आणि पाहुणे यायच्या आधी उकलल्या होत्या. मुलगी दाखवताना तेव्हा सगळ्याच आया असे करीत, तिला बिचारीला त्यात काही वावगे वाटले नाही. नवसाचे तिला कोणी सांगितले नव्हते आणि खोताने केसांपलीकडे काही विचारले नव्हते.

लग्न झाले. नवरीला न्हाऊ घालायला येसू न्हावीण आली. गावातल्या प्रत्येक नवरीचे डोके पहिल्यांदा येसूने धुवायचे, हा तिचा मान होता. शिकेकाईचे दोन तांबे पडले आणि तिच्या बोटांखालचे केस झाडूच्या हिरासारखे सरळ झाले. येसूच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती बोलून गेली, "अगो बाय, केस तर सरळच हायत हिचे!"

आंगणभर बायका होत्या. खोतीण धावत आली, तिने ओल्या बटा ओढून ओढून बघितल्या. खोताने तिथल्या तिथे निकाल दिला. शिमग्यापर्यंत ठेवू, तोवर केस कुरळे झाले नाहीत तर होडीत बसवून परत पाठवू. आवडीच्या मागे दोन बिनलग्नाच्या बहिणी होत्या. सासरहून परत आलेल्या मुलीच्या बहिणींना कोण पत्करणार? तिघींचाही जन्म आईच्या चुलीपाशी जाणार होता, आणि तोही येसूच्या एका वाक्यापायी. त्या दिवसापासून येसूला भाकर गोड लागेना.

तापल्या सळईने केस वळवणे तिला येत होते. पण घाम आला की ते वळण उतरे, आणि पालखीपुढे तर भर उन्हात उभे राहायचे होते. विचार करता करता तिला एक बोकड आठवला. गेल्या पावसाळ्यात तो कुंडात पडून मेला होता. आठ दिवसांनी फुगून वर आला, कातडे सुटलेले, पोट फुटलेले. गावात कोणी हात लावीना, तेव्हा येसूच्या नवऱ्याने त्याला ओढून काढले होते. त्याची दाढी करवंदीच्या एका फांदीला गुंडाळली गेली होती. फांदी काढली तरी दाढी तशीच वळलेली राहिली. ती पावसात भिजली, उन्हात वाळली, पण पुन्हा सरळ झाली नाही.

येसूला मुळात किळस फार. भातात केस निघाला तर ती ताट सारून उठे. तीच बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीला घेऊन कुंडावर उतरली. तिने बोरूच्या कांड्या कापल्या, एकेक बट घट्ट गुंडाळली, केळीच्या राखेचा खार चोपडला आणि मुलीला काठच्या दगडावर उताणी निजवून तिचे केस पाण्यात सोडले. असे तीन दिवस चालले. खाराने येसूच्या बोटांची साले निघाली. केसांतून पिवळा, बुळबुळीत फेस निघे, तो हाताने निपटावा लागे. वास घशाखाली उतरून पोटात बसे. येसू बाजूला जाऊन ओके, तोंड धुऊन परत येई आणि म्हणे, "आजून थोडं सोस गो, माज्या बाय."

आवडीने एकदाच विचारले, "वास जाईल ना?"

"जाईल तर," येसू म्हणाली. जाईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी कांड्या काढल्या. केस हुबेहूब मूर्तीसारखे झाले होते, कपाळावरच्या बटांसकट. येसूने ते सात वेळा धुतले. वळण गेले नाही, आणि वासही गेला नाही.

शहरातल्या पार्लरात पर्मनंट म्हणून जे करतात त्याची मशीन आणि बाटल्या परवा आल्या, मूळ विद्या शेंडवण्याची, असे धाकूचे ठाम म्हणणे आहे. त्याच्या लेकीची लेक चिपळुणाहून केस कुरळे करून आली तेव्हा ती उंबऱ्यात असतानाच त्याने वासावरून ओळखले. "त्योच! बोकडाचा!" असे तो ओरडला, आणि पोरगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

केस बघून खोतीण खूश झाली, पण जवळ जाईपर्यंतच. त्याच दिवशी आवडीचे अंथरूण गोठ्यात गेले. ताट काठीने पुढे सरकवले जाऊ लागले. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात. इथे तिने भरलेले पाणीसुद्धा नासके ठरले. येताजाता प्रत्येकाचा पदर नाकाला. आणि ज्याच्या जिवासाठी हा सगळा नवस, तो नवरा ओटीवर झोपू लागला. बायको वाऱ्याच्या दिशेवरून ओळखतो, असे तो मित्रांत हसून सांगे. या जागी धाकू गुरव हटकून थुंकतो. कुंडाचा वास त्याला सोसतो, पण या माणसाचे नाव त्याच्या जिभेवर टिकत नाही.

येसू रोज गोठ्यात जाई. रिठ्याने धुई, ताकाने धुई, लिंबू चोळी. तिची किळस काही सुटली नाही म्हणे. ती तोंड फिरवून ओकायची आणि पुन्हा फणी हातात घ्यायची. गायी तेवढ्या आवडीच्या खांद्यावर मान टाकून रवंथ करीत.

शिमगा आला. पालखी खोताच्या आंगणात टेकली. खोतिणीने सुनेच्या डोक्यात बकुळीचे चार गजरे कोंबले होते; वास दबला नाहीच, बकुळही नासल्यासारखी झाली. आवडी ओटी घेऊन पुढे निघाली तसे खोताने उपरणे नाकाला लावले. ते बघून मानकऱ्यांनी लावले. खोत उपरण्याआडून म्हणाला, "तिथनंच टाक. जवळ येऊ नको."

देवीची ओटी कोणी लांबून फेकते? पण सासऱ्याचा हुकूम. आवडीच्या हातून नारळ सुटला, पालखीच्या दांडीवर आपटला आणि घरंगळत शेणात गेला. तांदूळ मातीत सांडले.

आणि पालखी जड झाली. चार खांदेकरी होते, त्यांचे आठ झाले, सोळा झाले, पण ती जागची हलेना. मग आपण होऊनच फिरली, माणसांना फरफटत कुंडापर्यंत आली आणि येसूने आवडीला निजवले होते त्याच दगडावर टेकली. गुरवाने कौल लावला. देवळात चलतेस का? फूल डावीकडे पडले, म्हणजे नाही. खोताच्या घरी चलतेस? पुन्हा डावीकडे. शेवटी येसू रडत पुढे झाली. "आई, ही घाण मी केली. हिची किळस करू नको." तेव्हा देवीच्या कपाळावरचे फूल सुटले आणि उजवीकडे उभ्या असलेल्या आवडीच्या केसांत पडले.

सारा गाव खोताकडे बघू लागला. खोताने नाकावरचे उपरणे काढले नाही. त्याच्या वंशातल्या पुरुषांना पुढे वासच कळेनासा झाला, सडका बांगडाही ते चवीने खात, असे सांगतात. खोतीण मात्र घाबरून पुढे आली. आवडीचे केस दोन्ही हातांत धरून तिने त्यांत नाक खुपसले. पहिल्यांदा ओकली. दुसऱ्यांदाही ओकली. तिसऱ्यांदा तिला रडू फुटले. ती म्हणाली, "चल गो घरी."

आवडी येसूचा हात धरून उभी होती. "आत्याबाई, तुम्हांला माजा वास सोसला," ती म्हणाली. "पण मला आता तुमच्या घराचा येतो. तो नाय सोसत."

ती गेली नाही. येसूच्या सोबतीने कुंडाकाठीच राहिली आणि म्हातारी होईपर्यंत देवीला पाणी घालत राहिली. देवीने जिच्या केसांत फूल टाकले तिच्या बहिणींना स्थळांची वाण पडली नाही. मरताना आवडीने केस त्या वाहत्या पाण्यात सोडले, तोच हा लाटांचा कातळ.

खोतिणीला उशीर झाला, म्हणून आजही शेंडवण्यात वरात घरी जाण्याआधी कुंडावर येते. नवरी केस मोकळे करून त्या पाण्यात भिजवते. सासूने ते दोन्ही हातांत धरून तीनदा हुंगायचे, गावादेखत. पोटात ढवळले तर खुशाल ओकावे, खोतीणही ओकली होती. पण नाकाला पदर लावायचा नाही. लावला तर नवरीने तिथूनच माहेरी फिरायचे, आणि तिला कोणी नावे ठेवायची नाहीत.

"मग किती फिरल्या आजवर?" असे पाहुणे हसत विचारतात. धाकू दोन बोटे दाखवतो. पहिली त्याच्या आजाच्या वेळची, तिचे नाव त्याला ठाऊक नाही. दुसरीचे ठाऊक आहे. तिचे नाव जयवंती. अकरा वर्षांपूर्वी धाकूच्याच मुलाशी लग्न लागून ती कुंडाच्या या पायऱ्या उतरली होती, आणि पदर नाकाला गेला तो धाकूच्या बायकोचा.

"पोरगी चांगली हुती," एवढेच तो म्हणतो आणि काठीने पाण्यातली आणखी एक पुडी बाहेर काढतो. आजही कुंडावर वरात आली, नवरीने केस सोडले, की धाकू गुरव सासूच्या पदराच्या टोकावरून नजर हलवत नाही.